गव्हाणी घुबडाचे भक्ष्यशोधन : श्रवणसंवेदना व मेंदूचे कार्य

प्रस्तावना
पक्षी प्रामुख्याने डोळ्यांच्या साहाय्याने अन्न शोधतात, असा सर्वसाधारण समज आहे. गव्हाणी घुबड मात्र पूर्ण अंधारातही उंदीर अचूक पकडते, हे रॉजर पेन यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. मासाकाझु कोनिशी यांच्या प्रयोगात उंदराच्या मागे कागदाचा बोळा बांधला असता, घुबडाने उंदराऐवजी सळसळणाऱ्या कागदावर झडप घातली. वास किंवा शरीराची उष्णता नव्हे, तर ध्वनी हाच त्याचा मार्गदर्शक असतो, हे यावरून स्पष्ट होते.

कर्णरचना
चेहऱ्यावरील पिसांची तबकडी ध्वनी गोळा करून कानांकडे वळविते. डावे कर्णछिद्र उजव्यापेक्षा किंचित वर असून त्याचा रोख खाली असतो. उजव्याचा रोख वर असतो. त्यामुळे खालून येणारा ध्वनी डाव्या कानात, तर वरून येणारा उजव्या कानात अधिक तीव्र ऐकू येतो. तीव्रतेच्या या फरकावरून ध्वनीची उंची कळते. डावी-उजवी दिशा मात्र ध्वनी दोन्ही कानांत पोहोचण्याच्या वेळेतील अत्यल्प फरकावरून कळते.

मेंदूतील प्रक्रिया
डोळ्याच्या पडद्यावर दृश्याची प्रतिमा उमटते. कानात ध्वनीच्या स्थानाचे असे चित्र उमटत नाही. ते स्थान मेंदूला ठरवावे लागते. त्यासाठी वेळ व तीव्रता यांची माहिती मेंदूत प्रथम दोन स्वतंत्र मार्गांनी जाते आणि मध्यमेंदूत एकत्र येते. तेथील प्रत्येक चेतापेशी अवकाशातील विशिष्ट भागातून आलेल्या ध्वनीलाच प्रतिसाद देते. एरिक नुडसेन व कोनिशी यांनी १९७८ मध्ये हा ‘श्रवण-नकाशा’ प्रसिद्ध केला. पुढे तो दृष्टीच्या नकाशाशी जोडला जातो व त्यानुसार घुबड डोके वळविते.

हा नकाशा सर्वस्वी जन्मजात नसतो. नुडसेन यांनी पिलांच्या डोळ्यांसमोर दृश्य एका बाजूस सरकविणारे लोलक बसविले, तेव्हा काही आठवड्यांत श्रवण-नकाशाही त्याच बाजूस सरकला. दृष्टी श्रवणाला अशा रीतीने शिकविते. प्रौढ घुबडांत ही क्षमता बरीच मर्यादित असते.

समारोप
ज्याची उपजीविका सूक्ष्म आवाजावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी कोलाहल म्हणजे उपासमारीचा धोका होय. वाहतुकीच्या गोंगाटात घुबडांची भक्ष्य हेरण्याची क्षमता घटते, असे क्षेत्रीय प्रयोगांत आढळले आहे. उंदरांपासून पिकांचे रक्षण करणाऱ्या या पक्ष्याला अशुभ मानण्याऐवजी त्याच्या अधिवासातील शांतता जपणे, हे शेतकऱ्याच्याही हिताचे आहे.