गालिच्यावरचं शेवाळ: आधी दिवा, औषध शेवटी

दिवाळीत पाहुणे येणार म्हणून मी फिशटँकचा दिवा सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत चालू ठेवायला लागले. टाकी दोन फुटी. तळाला काळी ॲक्वा सॉइल आणि तिच्यावर मॉन्टे कार्लो या चिमुकल्या पानांच्या वनस्पतीचा गालिचा. तीन महिने जपल्यावर तो नुकताच पुढच्या काचेला भिडला होता. भाऊबीजेपर्यंत पानांमधून केसांसारखे हिरवे तंतू वर आले. तुळशीचं लग्न लागलं तेव्हा गालिचा ओल्या घोंगडीसारखा दिसत होता.

मग सगळे करतात तेच केलं, दुकान गाठलं. दुकानदाराने एक बाटली दिली, शिवाय ‘सगळं शेवाळ साफ करतो’ असं सांगून एक सकर मासा. बाटलीतल्या औषधाने आठवडाभरात टाकीतल्या निम्म्या श्रिंप, म्हणजे छोट्या कोळंब्या, मेल्या. सकरने शेवाळ सोडून रोपंच उपटली. तंतू होते तिथेच राहिले.

नंतर लक्षात आलं, माझा क्रमच चुकला होता. आधी औषध, मग मासा, आणि दिव्याचा विचार सगळ्यात शेवटी. गालिच्याच्या बाबतीत हा क्रम उलटा, दिव्यापासून सुरू होणारा हवा. का, ते कळायला गालिचा टाकीत कुठे राहतो ते पाहावं लागतं.

तळाशी राहण्याचं दुखणं

उंच झाड वाढत जातं तशी त्याची जुनी पानं नव्या पानांच्या सावलीत जातात. गालिच्याची पानं मात्र दिव्याकडे तोंड करून आडवी पसरलेली असतात आणि दिवसभर उजेड झेलतात. शिवाय माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, गळालेली पानं, टाकीतला सगळा गाळ शेवटी खालीच येतो, आणि दाट गालिचा तो चाळणीसारखा धरून ठेवतो.

खरी अडचण पानांना अन्न बनवायला लागणाऱ्या वायूची. उघड्यावर ठेवलेल्या एक लिटर पाण्यात कार्बन डायऑक्साइड जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम असतो. गालिच्याच्या टाकीला सिलिंडर जोडून तो 30 मिलिग्रॅमच्या आसपास नेतात. पण हा वायू पाण्यात हवेपेक्षा सुमारे 10 हजार पट सावकाश पसरतो. पाणी हललं नाही, तर पानाला चिकटलेल्या थरातला वायू संपतो आणि बाजूला भरपूर असूनही पान उपाशी राहतं. दाट गालिच्याच्या आत तर पाणी हलतच नाही. वरून प्रखर उजेड आणि खाली उपासमार, अशा पानाची वाढ खुंटते. ते झिजायला लागतं, त्यातून सेंद्रिय द्रव्य पाझरतं. शेवाळाची भूक मात्र थोडक्यात भागते. थकलेलं पान ही त्याची बसायची जागा.

नव्या गालिच्याला आणखी एक संकट असतं. गालिच्याच्या बहुतेक वनस्पती मुळात नदीकाठच्या, कधी पाण्याखाली तर कधी बाहेर राहणाऱ्या. रोपवाटिकेत त्या बऱ्याचदा पाण्याबाहेर वाढवतात. टाकीत बुडवल्या की जुनी पानं गळतात आणि पाण्यातली नवी फुटतात. त्या मधल्या काळात कुजणाऱ्या पानांतून आणि नव्या सॉइलमधून अमोनिया सुटतो. म्हणून पहिल्या महिन्यात पाणी वरचेवर बदलावं लागतं.

शेवाळ कोणतं ते आधी ओळखा

नव्या टाकीत पानांवर तपकिरी भुकटी बसली आणि बोटाने सहज पुसली गेली, तर ते डायटम. महिना-दीड महिन्यात बहुधा आपोआप जातात, तेव्हा घाबरू नका. हिरवे लांब तंतू आले, तर उजेड जास्त झाला. पानांच्या कडेला काळे आखूड झुपके दिसले, तर ती ‘काळी दाढी’. नाव काळं, पण ते लाल शेवाळाच्या वर्गातलं. एक झुपका स्पिरिटमध्ये टाकला की तो लालसर होतो. वायूचं प्रमाण रोज कमी-जास्त होत असलं की ही दाढी हमखास उगवते.

निळसर हिरवा, बुळबुळीत, वास मारणारा पापुद्रा असेल तर ते शेवाळच नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. भातखाचरात नत्र स्थिर करणारं निळं-हिरवं शेवाळ याच घराण्यातलं. पापुद्रा नळीने ओढून काढावा, मग तीन-चार दिवस टाकी चादरीने पूर्ण झाकून ठेवावी आणि शेवटी निम्मं पाणी बदलावं.

आता क्रम

पहिला दिवा. टायमर लावून तो सहा तासांवर आणा. संध्याकाळी टाकी बघायची असेल, तर दुपारी चार ते रात्री दहा ठेवा. खिडकीतलं ऊन टाकीवर येत असेल, तर पडदा ओढा. उजेड कमी केला की पानाची वायूची मागणीही कमी होते. सगळ्यात स्वस्त उपाय हाच, आणि आपण तो सगळ्यात शेवटी करतो.

दुसरा वायू. सिलिंडर दिव्याच्या एक-दोन तास आधी सुरू व्हायला हवा, म्हणजे उजेड पडेल तेव्हा पानांपुढे ताट वाढलेलं असेल. वायूचं प्रमाण दाखवणारा ड्रॉप चेकर बहुतेक जण वरच्या कोपऱ्यात लावतात. तो गालिच्याजवळ खाली लावा. निळा रंग म्हणजे वायू कमी, पोपटी म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जास्त. रंग बदलायला तास-दोन तास लागतात, म्हणून वायू घाईने वाढवू नका. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकायला लागले, तर लगेच कमी करा. फिल्टरच्या पाण्याची धार अशी वळवा, की तळाची पानं किंचित हलताना दिसतील. उन्हाळ्यात लक्ष जास्त हवं. पाणी 20 वरून 30 अंशांवर गेलं, की वायू विरघळण्याची क्षमता जवळपास एक चतुर्थांशाने घटते. मे महिन्यात टाकीवर छोटा पंखा लावणं म्हणूनच चैन नव्हे.

तिसरं काम हाताचं. जुना टूथब्रश तंतूंमध्ये घालून एकाच दिशेने फिरवायचा. वात वळावी तसे ते दांड्याभोवती गुंडाळले जातात आणि अलगद ओढले की गोळाच हातात येतो. दुसऱ्या हातात पाणी काढायची नळी हवी, म्हणजे सुटलेले तुकडे बाहेर जातात. त्यानंतर कात्री. गालिचा दोन-तीन सेंटिमीटरवर कापून टाका. मन धजत नाही, पण शेवाळाने माखलेलं पान पुन्हा नवं होत नाही. नवी पालवी खालून येते. दर आठवड्याला निम्मं पाणी बदला, नळाचं असेल तर क्लोरीन घालवून. खत मात्र बंद करू नका. त्याने आधी गालिचा उपाशी मरतो, शेवाळ नंतर.

एवढं केल्यावरही झुपके उरले तरच औषध. हायड्रोजन पेरॉक्साइड औषधाच्या दुकानात मिळतं, पण लेबल वाचा. आपल्याकडे ते बऱ्याचदा सहा टक्क्यांचं असतं, तेव्हा तेवढंच पाणी घालून तीन टक्क्यांवर आणा. हातमोजे घाला. फिल्टर बंद करून सुई काढलेल्या सिरिंजने थेट झुपक्यावर सोडा. चार लिटरला एक मिलिलिटर याहून जास्त नको. दोन फुटी टाकीत साधारण 50 लिटर पाणी असतं, म्हणजे 12 मिलिलिटर. दहा-पंधरा मिनिटांनी फिल्टर सुरू करा. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत बहुधा ग्लुटाराल्डिहाइड असतं, रुग्णालयात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात तेच. माझ्या श्रिंप कशाने मेल्या, ते मला लेबल वाचल्यावर कळलं.

राहिले सफाई कामगार. निसर्गासारख्या टाक्यांचा संप्रदाय जगभर नेणारे जपानचे ताकाशी अमानो (1954–2015) यांनी शेवाळ खाण्यासाठी एका छोट्या कोळंबीला टाकीत स्थान दिलं. ती आज ‘अमानो श्रिंप’ म्हणूनच ओळखली जाते. कोवळे तंतू ती आवडीने खाते. पण घोंगडी झालेलं शेवाळ तिच्याच्याने संपत नाही. साफ झालेलं साफ ठेवणं एवढंच तिचं काम. सकर मासा तर आणूच नका. तो फूटभराच्या वर वाढतो, आणि डोईजड झाला की लोक नदी-तलावात सोडतात. आपल्या देशातल्या कितीतरी पाणवठ्यांत तो आज उपद्रवी झाला आहे.

माझ्या टाकीतले तंतू जायला पाच आठवडे लागले. बाटली आणि मासा मिळून जे झालं नव्हतं, ते टायमर, टूथब्रश आणि कात्रीने झालं. आता गालिचा काचेला भिडला, की फोटो काढायचा आणि त्याच रविवारी तो कापायचा, असा नेम केला आहे. तुम्हीही करून बघा. गालिचा सगळ्यात देखणा दिसतो तेव्हाच तो सगळ्यात दाट असतो, आणि खालच्या पानांचा श्वास तेव्हाच कोंडायला लागलेला असतो.