संगणक मालवावा कीं तेवत ठेवावा ?

ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात आणि संगणक मात्र एकच असतो, त्या घरांत ह्या यंत्राची दिवसांतून सात-आठ वेळां तरी उघडझांप होते. सकाळीं आजोबा आपल्या ठेवींचा व शेअरांचा हिशेब पाहतात आणि उठतांना यंत्र बंद करतात. घटकाभरानें सूनबाई कचेरीचें काम घेऊन बसतात, त्या तें पुन्हां सुरू करतात. दुपारीं मुलें, रात्रीं इतर मंडळी, असा क्रम चालतो. ह्या उघडझांपीवरून घरांत दोन पक्ष पडलेले आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिले आहेत. काम संपलें कीं दिवा मालवावा तसें यंत्रहि मालवावें, वीज कांहीं फुकट येत नाहीं, असें एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, वारंवार बंद-चालू करण्यानें यंत्राचें आयुष्य घटतें. त्यापेक्षां तें अहोरात्र चालू राहिलेलें बरें. ह्या दुसऱ्या पक्षास आम्ही अडाणी म्हणणार नाहीं, कारण त्याचें मत एके काळीं अक्षरशः खरें होतें. तें केव्हां व कां खरें होतें हें पाहिल्यावांचून आज त्यांत कितपत तथ्य उरलें आहे ह्याचा निर्णय लागावयाचा नाहीं.

पहिल्या पिढीचे इलेक्ट्रॉनिक संगणक व्हॉल्व्हवर चालत. व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांच्या घरीं होता त्यांना बटण फिरविल्यावर आवाज येईपर्यंत थोडा वेळ वाट पाहावी लागे, हें आठवत असेल. कांचेच्या त्या नळीच्या पोटांतील तार तापल्यावांचून नळीचें काम सुरूच होत नसे. म्हणजे व्हॉल्व्ह हा एका अर्थीं दिव्याचाच सख्खा भाऊ. आणि तारेचा जुना विजेचा दिवा केव्हां जात असे ? बहुधा बटण दाबतांच, क्षणभर लखकन् चमकून. ह्याचें कारण असें कीं, टंगस्टनची तार थंड असतांना विजेला होणारा तिचा विरोध तापलेल्या तारेच्या सुमारें एक दशांशच असतो. त्यामुळें पहिल्या क्षणीं नेहमींच्या कित्येक पट वीज तिच्यांतून धांवते, आणि तार जेथें आधींच झिजलेली असेल तेथें ती तुटते. रोजच्या तापण्या-निवण्यानें तिला बसणारे ताण तर निराळेच.

रेडिओंत असे पांच-सहा व्हॉल्व्ह असत, संगणकांत ते हजारोंनीं मोजावे लागत. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांचे गुप्त संदेश उलगडण्यासाठीं इंग्लंडांत ब्लेच्ले पार्क येथें ‘कलॉसस’ नांवाचें यंत्र १९४४ च्या आरंभीं आलें. त्याचा कर्ता टॉमी फ्लॉवर्स हा ब्रिटिश पोस्टखात्यांतील टेलिफोनचा एंजिनिअर होता. ह्या पहिल्या यंत्रांत सुमारें १,६०० व्हॉल्व्ह होते, आणि इतके व्हॉल्व्ह एकत्र कधींच नीट चालावयाचे नाहींत अशी अनेक जाणत्यांची शंका होती. परंतु व्हॉल्व्ह एकदां पेटविले आणि मग विझविलेच नाहींत, तर ते सहसा दगा देत नाहींत, ही गोष्ट फ्लॉवर्सला टेलिफोनच्या एक्स्चेंजांतील अनुभवानें ठाऊक झाली होती, आणि त्या एका गोष्टीच्या बळावर त्यानें सर्वांचें म्हणणें खोटें पाडलें. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत सिद्ध झालेला ‘एनिॲक’ १९४६ च्या फेब्रुवारींत जगापुढें आला. त्यांत सुमारें १८,००० व्हॉल्व्ह असून त्यास १५० किलोवॉट वीज लागे. तेथेंहि हाच अनुभव आला; व्हॉल्व्ह जात ते मुख्यतः यंत्र तापतांना किंवा निवतांना. म्हणून तें बंदच करावयाचें नाहीं असें ठरलें, आणि पुढें दोन दिवसांस एखादा व्हॉल्व्ह जाण्यावर गोष्ट आली. १९५४ सालीं तें यंत्र एकदां सलग ११६ तास बिनतक्रार चालले, आणि ह्याचें त्या काळीं मोठें अप्रूप वाटलें. आपल्या मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं सुरू झालेला आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं ज्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें तो संगणकहि सुमारें २,७०० व्हॉल्व्हचाच होता. अशा यंत्रांवर ज्यांचा हात बसला त्या पिढीनें ‘बंद करूं नका’ हा पाठ आपल्या मागून येणारांस दिला असल्यास त्यांत नवल नाहीं.

पुढें व्हॉल्व्ह गेला. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला, आणि त्याच्या वंशजांनीं संगणकाचें सारें घर व्यापलें. ट्रान्झिस्टरच्या पोटांत तापावयाची तारच नाहीं. तेव्हां ती तुटण्याचें भय कोठून असणार? कारण नाहींसें झालें तरी नियम मात्र मागें उरला. मूळ प्रयोजन विसरलें गेलें तरी चालूं राहिलेल्या चाली आपल्या घरोघर थोड्या का आहेत !

तथापि एवढ्यावरच निकाल देऊन मोकळें होणें न्यायाचें होणार नाहीं, कारण आजच्या संगणकांतहि बंद-चालू होण्याचा परिणाम सोसणारे कांहीं अवयव आहेत. त्यांपैकीं एक म्हणजे फिरती हार्ड डिस्क. जुन्या डिस्कांत ती थांबली कीं वाचणारी सुई तबकडीवरच येऊन टेके, आणि पुन्हां सुरू होतांना थोडी घांसली जाई. असें किती वेळां झालें तर चालेल ह्याचा आंकडा कारखानदार देत असत. तो बहुधा ४०,००० ते ५०,००० असे. आमच्या वर सांगितलेल्या एकत्र कुटुंबानें दिवसास आठ वेळां यंत्र बंद-चालू केलें, तरी ५०,००० चा आंकडा गांठावयास ६,२५० दिवस, म्हणजे सतरा वर्षें लागतील ! पुढच्या डिस्कांत सुई बाजूच्या उतरणीवर चढून बसते, आणि त्यांचा आंकडा कित्येक लाखांचा असतो. हल्लींच्या एसएसडींत तर फिरणारें असें कांहींच नसतें.

ह्याहून गंभीर गोष्ट सोल्डरिंगच्या सांध्यांची. चिप एका पदार्थाची, तिच्याखालचा बोर्ड दुसऱ्या पदार्थाचा. दोन्ही तापलीं म्हणजे सारख्या प्रमाणांत फुगत नाहींत. ह्या ओढाताणींत मधला सांधा हळूहळू थकतो, आणि लोखंडाची तार पुन्हां पुन्हां वांकविल्यावर तुटावी तसा तो एके दिवशीं तडकतो. हें केवळ तर्काचें भय नव्हे. एनव्हिडिया ह्या कंपनीनें लॅपटॉपांसाठीं विकलेल्या चित्र दाखविणाऱ्या चिपांच्या बांधणींत कमकुवत द्रव्य वापरलें गेल्यानें त्या निकामी होऊं लागल्या, आणि त्याच्या भरपाईसाठीं २००८ च्या जुलईंत त्या कंपनीस १५ ते २० कोटि डॉलर बाजूस काढून ठेवल्याचें जाहीर करावें लागलें. तापण्या-निवण्यानेंच त्या चिपांचा जीव गेला, हें दुसऱ्या पक्षाच्या बाजूनें सर्वांत बळकट प्रमाण आहे. परंतु यंत्र चालू ठेवल्यानें हें तापणें-निवणें थांबतें अशी जी समजूत आहे ती मात्र टिकत नाहीं. चिरंजीव पडद्यावर लढाईचा खेळ मांडून बसले कीं चिप तापते आणि जेवावयास उठले कीं निवते; यंत्र मधल्या वेळांत चालूच होतें, म्हणून सांध्याचा ताण कांहीं चुकत नाहीं.

शिवाय सतत चालू राहण्यानेंहि झीज होतेच. यंत्रास वीज पुरविणारी जी पेटी असते, जिला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, तिच्यांत कपॅसिटर असतात, आणि त्यांच्या आंतील द्रव उष्णतेनें हळूहळू आटतो. साधारण कपॅसिटरच्या अंगावर १०५ अंश आणि आयुष्य २,००० तास असें प्रमाण असतें. उष्णता दहा अंशांनीं कमी झाली कीं आयुष्य दुप्पट होतें, असा ह्या धंद्यांतील ठोकळ हिशेब आहे. त्याप्रमाणें ६५ अंशांवर तो ३२,००० तास टिकावा. यंत्र अहोरात्र चाललें तर हे तास पावणेचार वर्षांच्या आंतच संपतील. रोज सहा तास चाललें तर साडेचौदा वर्षें पुरतील. पंख्यानें ओढून आंत सांचविलेली धूळ आणि पंख्याच्या बेअरिंगची झीज ह्या गोष्टीहि चालण्याच्या तासांवरच अवलंबून आहेत.

बंद-चालू होणें संगणकास किती सोसतें ह्याचें एक लांबचें उदाहरण आम्हांस फार बोलकें वाटतें. अमेरिकेची ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही गाडी २००४ च्या जानेवारींत मंगळावर उतरली, ती नव्वद दिवसांच्या बोलीनें. उतरल्यावर कळलें कीं, तिच्या यांत्रिक हाताच्या खांद्यापाशींचा विजेचा शेक देणारा भाग बंदच होत नाहीं आणि रात्रभर फुकट वीज खातो. उपाय म्हणून रात्रीं गाडींतलें जवळ जवळ सारेंच बंद करून टाकावयाचें आणि सकाळीं सूर्य वर आला म्हणजे पुन्हां जागें व्हावयाचें, असा परिपाठ पडला. तेथील कडाक्याच्या थंडींत असें निजत-उठत ती २०१८ च्या जूनपर्यंत, म्हणजे चौदा वर्षांहून अधिक काळ चालली. तो संगणक मुद्दाम त्याच कामासाठीं घडविलेला, त्याची बरोबरी आमच्या टेबलावरील यंत्राशीं करावयाची नाहीं हें खरें. परंतु ह्याच गाडीची जुळी बहीण ‘स्पिरिट’ हिची हकीगत आमच्या विषयाशीं अधिक लागू आहे. २००४ च्याच जानेवारींत ती एकाएकीं आपोआप बंद-चालू होऊं लागली; साठांहून अधिक वेळां असें झालें. त्या उघडझांपीनें तिचें अंग बिघडलें नाहीं. बिघाड होता तो तिच्या साठवणींतील फाइलींच्या नोंदवहींत. ती पृथ्वीवरून दुरुस्त करतांच गाडी पुन्हां कामास लागली.

घरच्या संगणकाचेंहि असेंच आहे. त्याचें नाजूक अंग लोखंड-तांब्याचें नसून लिखाणाचें आहे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत घरांतील वडील गृहस्थांनीं कुलवृत्तान्ताचीं टिपणें संगणकावर उतरविण्याचें काम तीन वर्षें चालविलें होतें. वृद्ध नातलगांस विचारून, जुन्या पत्रांवरून, एक एक नांव जमविलेलें. एके रात्रीं यंत्र बंद होण्यास वेळ लागतो आहे असें पाहून कोणीतरी काटकसरीनें भिंतीवरचें बटणच दाबलें. सकाळीं फाइलीचें नांव होतें, आंत अक्षर नव्हतें. आणि ज्यांना विचारून तीं टिपणें केलीं त्यांपैकीं दोघे तोंवर हयात नव्हते.

असें होण्याचें कारण थोडक्यांत सांगतों. आपण लिहितों तें प्रत्येक वेळीं तात्काळ डिस्कवर जातेंच असें नाहीं. कांहीं काळ तें यंत्राच्या चालू स्मृतींत राहतें आणि सवडीनें उतरविलें जातें. ‘शट डाऊन’ म्हटल्यावर यंत्र जो वेळ घेतें तो ह्याच निरवानिरवींत जातो. त्या मधल्या वेळांत वीज तोडणें म्हणजे कारकून वहींत खतावणी करीत असतां त्याच्या हातांतून वही ओढून घेणें होय. आधुनिक पद्धतींत ह्यावर पुष्कळ तजवीज केलेली असते, तरी पूर्ण अभय नाहीं. म्हणून दिवसांतून दहा वेळां रीतसर बंद केलेल्या यंत्रास जो धोका नाहीं तो एकदां भिंतीवरून बंद केलेल्या यंत्रास आहे. ज्या गांवीं वीज वेळीं-अवेळीं जाते तेथें साध्या यूपीएसला खर्च करावा; निरवानिरव होण्यापुरतीं पांच-दहा मिनिटें त्यानें मिळालीं तरी पुरे.

वीज गेली आणि लगेच आली, तर यंत्र तत्क्षणीं सुरू करूं नये. अर्धा-एक मिनिट थांबावें. एसएमपीएसमध्यें पहिला लोंढा अडविण्यासाठीं बहुधा एक लहानसा घटक बसविलेला असतो. तो थंड असतांनाच विजेला अडवितो, तापला म्हणजे तिला वाट करून देतो. नुकत्याच बंद झालेल्या यंत्रांत तो तापलेलाच असतो, आणि लोंढा बिनअडथळा आंत शिरतो.

मग किती वेळ उठावयाचें असलें म्हणजे बंद करावें ? अमेरिकेच्या ऊर्जाखात्याचा सल्ला आम्हांस व्यवहार्य वाटतो: वीस मिनिटांहून अधिक काम नसेल तर पडदा मालवावा, दोन तासांहून अधिक नसेल तर सारेंच यंत्र. ज्या घरीं एकामागून एक माणूस बसणार आहे तेथें मधल्या वेळांत स्लीप पुरेशी आहे. तींत वीज दोन-तीन वॉटांवर येते. मात्र स्लीपमध्यें उघडें काम चालू स्मृतींतच राहतें, म्हणून आधीं तें जतन करूनच उठावें. रिकामें बसलेलें यंत्र पडद्यासह साठ वॉट घेतें असें धरलें, तर रोजचे सोळा तास फुकट चालण्यानें वर्षाकांठीं ३५० युनिट जातात. आपल्या बिलावरील दरानें प्रत्येकानें त्याचे रुपये करून पाहावे.

एक बारकावा येथें सांगितला पाहिजे. २०१२ सालीं आलेल्या विंडोज ८ पासून ‘शट डाऊन’ म्हटल्यावर यंत्र बहुधा पुरतें बंद होत नाहीं; लवकर उठतां यावें म्हणून अर्धी स्मृति डिस्कवर तशीच लिहून ठेवतें. म्हणून यंत्र विचित्र वागूं लागलें तर बंद-चालू करण्यापेक्षां ‘रीस्टार्ट’ करावें. तेव्हां सारें खरोखर नव्यानें सुरू होतें.

कोंकणांतील व मुंबईकडील वाचकांस पावसाळ्यापुरतें निराळें सांगणें आहे. आठवडेच्या आठवडे बंद राहिलेल्या यंत्रांत दमट हवा आणि धूळ मिळून बोर्डावर जें किटण धरतें त्यानें बंद-चालू करण्याहून अधिक यंत्रें बिघडत असावींत असें आमचें मत आहे. तेव्हां वापर नसला तरी आषाढ-श्रावणांत दोन-चार दिवसांआड तासभर तें चालवावें, म्हणजे आंतल्या उबेनें ओल जाते. आणि प्लग कायमचा काढून ठेवण्याची ज्यांस संवय आहे त्यांनीं बोर्डावरील रुपयाएवढ्या चपट्या बॅटरीची आठवण ठेवावी. प्लग लावलेला असतांना यंत्राचें घड्याळ मुख्य विजेवर चालतें, काढला कीं तें ह्या बॅटरीवर येतें आणि ती लवकर संपते. मग यंत्र जुनीच कुठली तरी तारीख दाखवूं लागतें, आणि बँकेची साइट उघडत नाहीं म्हणून घरांत धांवपळ उडते. सीआर २०३२ ह्या नांवानें ती घड्याळजीकडे मिळते. यंत्र बंद करून, प्लग काढून, पांच मिनिटांत बदलतां येते.