एक जूनची तारीख

आताचा बाल न्याय कायदा 15 जानेवारी 2016 ला लागू झाला, त्याला यंदा दहा वर्षं झाली. किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा असेल, तर सोळा ते अठरा वयाच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवण्याची वाट या कायद्याने उघडली. त्यावर पुष्कळ बोलून झालंय. माझ्या मनातून मात्र त्याच्या आधीची वर्षं जात नाहीत. त्या काळात मी नंदुरबारकडच्या रनाळ्याजवळच्या एका वस्तीवर मास्तर होतो आणि पोरांची वयं माझ्या हाताने लिहिली जात होती.

मागचा इतिहास दोन ओळींत उरकतो. 1924 मध्ये मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा आला. 1986 मध्ये देशभराचा आला, त्यात मुलगा सोळापर्यंत लहान आणि मुलगी अठरापर्यंत. 2000 च्या कायद्याने दोघांनाही अठरा केलं. चांगलंच केलं. पण ज्याच्या जन्माची कुठेच नोंद नाही, त्याची अठरा वर्षं मोजायची कुठून?

दसरा-दिवाळीला मुकादम ऊसतोडीची उचल वाटून जायचा आणि भिलाटीतल्या, म्हणजे भिल्लांच्या वस्तीतल्या, घरांना एकामागून एक कुलपं लागायची. ज्या घरांना कुलपं नव्हती, त्यांच्या दाराला काटेरी फांदी. नवरा-बायको मिळून एक कोयता. गुजरातेत बारडोली, मढी, व्यारा या बाजूला पडाव पडायचे ते थेट उन्हाळ्यापर्यंत. पावसाळ्यात काही जण सुरतेला बांधकामावर जायचे. पोरं तिकडेच जन्मायची. तिकडे ती परकी, म्हणून तिथे नोंद नाही, आणि इकडच्या ग्रामपंचायतीला तर पत्ताच नाही.

जून 1999 ची पटनोंदणी. वरून दट्ट्या होता की वस्तीवरचं एकही मूल पटाबाहेर राहता कामा नये. एक बाई पोराला कडेवरून उतरवत ओट्यावर टेकली. मी जन्मतारीख विचारली. ती म्हणाली, ‘‘सुरतमा पलेग उना, तव्हय झाया हाऊ.’’ सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेग आला आणि माणसांनी शहर सोडलं, तेव्हा सात-आठ दिवसांचं हे पोर पदराखाली घेऊन ती खच्चून भरलेल्या गाडीने घरी आली होती. यापेक्षा नेमकी तारीख कुणी काय सांगणार? आठवडा सांगितला होता तिने. पण त्या हिशेबाने पोराला पाच वर्षंही पुरी होत नव्हती आणि आम्ही पहिलीला सहा धरत होतो. मी जनरल रजिस्टरात लिहिलं, 1 जून 1993. त्याच पानावर आणखी तेरा नावांपुढे 1 जूनच होता. महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून असे 1 जून लिहिले गेलेत. आम्ही मास्तरांनी ते लिहिले, आणि त्यात काही वावगं आहे असं आम्हाला वाटलंही नाही.

चौथीनंतर तो शाळेत दिसला नाही. आईबापासोबत फडावर जाऊ लागला.

डिसेंबर 2011 मध्ये गुजरातेत एका शेतातल्या मोटारीची केबल चोरताना तिघं पकडले गेले. त्यांतला एक हा. पोलिसांनी वय एकोणीस लिहिलं. बाप रात्रीच्या गाडीने आला आणि पहाटे माझ्या दारात उभा राहिला. अंगावर उसाच्या पाचटाचे ओरखडे, हातात गुजरातीतला एक कागद. ‘‘गुरुजी, पोऱ्या धाकला शे. तुमी लिखी द्या.’’ मी शाळेत जाऊन रजिस्टर उघडलं आणि हात थिजले. खरं वय सतरा वर्षं तीन महिने. माझ्या अक्षरात साडेअठरा.

तेव्हा 2007 चे नियम होते. दहावीचं प्रमाणपत्र नसेल तर आधी शाळेची नोंद बघायची, ती नसेल तर जन्माचा दाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच वैद्यकीय तपासणी. हा क्रम पोरांच्या भल्यासाठीच होता. इथे शाळेची नोंद होती, म्हणून तपासणी झालीच नाही. मी रजिस्टर कापडात बांधून कोर्टात नेलं. तारीख मी अंदाजाने टाकलीय, असं शपथेवर सांगितलं. समोरचे वकील एवढंच म्हणाले, ‘‘मग बाकीच्या तेरा जणांची खरी समजायची का?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोरगा मोठ्यांच्या तुरुंगात आठ महिने राहिला. गुन्हा कबूल केला की सुटशील, असं कुणीतरी सांगितलं. त्याने कबूल केला.

त्याच्याच जन्माच्या वर्षी, ऑगस्ट 1994 मध्ये, पुण्यात एका कुटुंबातल्या सात जणांचा खून झाला. त्यात राजस्थानातून कामाला आलेल्या एका मुलाला फाशीची शिक्षा झाली आणि 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आरोपपत्रात त्याचं वय विशीच्या घरातलं होतं, नावही गावातल्या नावापेक्षा वेगळं. मार्च 2023 मध्ये त्याच न्यायालयाने गावच्या शाळेचं रजिस्टर मान्य केलं आणि गुन्ह्याच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता असं ठरवलं. तोवर त्याची 28 वर्षं तुरुंगात गेली होती. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. कुण्या मास्तराने खरी तारीख लिहिली होती.

डिसेंबर 2015 मध्ये राज्यसभेत नवा कायदा मंजूर झाला, तो दिल्लीतल्या 2012 च्या सामूहिक बलात्कारातला अल्पवयीन सुटल्यानंतर दोन दिवसांनी. संताप खरा होता. पण त्याची किंमत कोण देतंय ते आमच्याकडे दिसतं. एकाच टोळीतली सोळा-सतराची पोरगा-पोरगी पळून जातात, पोरीचा बाप तक्रार देतो, बाल लैंगिक अत्याचारविरोधी पॉक्सो कायदा लागतो, आणि पोरगा थेट त्या सात वर्षांच्या कलमाखाली येतो.

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनियर गेले. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला, सोबत तीनशे शब्दांचा निबंध. सगळा महाराष्ट्र पेटला. त्या दोघांच्या आईबापांचं दुःख मी कमी लेखत नाही. पण अल्पवयीनाला जामीन हाच नियम आहे, कायद्यात तसं लिहिलेलं आहे. माझा राग वेगळ्या जागी आहे. आमच्या पोराला हाच नियम लागू होत नाही. आईबाप फडावर असतात, उचल फिटलेली नसते म्हणून मुकादम त्यांना सोडत नाही, ताबा घ्यायला कुणी येत नाही, आणि पोर निरीक्षणगृहात पडून राहतं. त्याच्यासाठी कुणी पेटलेलं मी पाहिलं नाही.

मी निवृत्त झालो. ते रजिस्टर शाळेच्या कपाटात आहे, आणि त्यातले 1 जून आता आधार कार्डांवर चढलेत.

गेल्या जूनमध्ये प्लेगच्या वेळी जन्मलेला तो पोरगा आला. एकतिसाव्या वर्षीच कानशिलं पांढरी झालेली. सोबत सहा वर्षांचा मुलगा, शाळेत घालायचा होता. शाळेत जायच्या आधी तो माझ्या ओट्यावर आला आणि प्लास्टिकच्या पिशवीतून व्याऱ्याकडच्या दवाखान्याचा जन्मदाखला काढून माझ्या हातात दिला. गुजराती आकडे वाचून मी तारीख सांगितली, 9 फेब्रुवारी. त्याने ती दुसऱ्यांदा वाचायला लावली.