मिल्कशेकसाठी कोणतं यंत्र?

घरात ५०० ते ७५० वॉटचा मिक्सर असेल तर नवं काही घेण्याआधी त्याचं ज्यूसचं उंच भांडं काढून पाहा. तळाशी फिरणारी पाती ही कल्पना मुळात दुधाच्या पेयासाठीच आली: अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या स्टीफन पोप्लॉव्स्की यांनी १९२२ मध्ये माल्टेड मिल्क घुसळण्यासाठी तिचं पेटंट घेतलं.

हापूसचा रस किंवा पिकलं केळं यांना ताकद लागतच नाही. २०० ते ३०० वॉटचा हँड ब्लेंडर पुरतो, धुवायलाही सोपा. त्याचं डोकं दुधाच्या पृष्ठभागाजवळ धरलं की हवा आत ओढली जाते आणि छान फेस येतो. तळाशी धरलं तर फळ बारीक होतं. खजूर मात्र आधी कोमट दुधात भिजवावेत.

बर्फ फोडायचा असेल किंवा पुण्याच्या मस्तानीसारखा दाट शेक हवा असेल, तर मिक्सरच बरा. थांबून थांबून फिरवा, भांडं दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. दूध फेसाळून झाकणाबाहेर येतं.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा: लसणाच्या चटणीचं भांडं शेकला वापरू नये. वास स्टीलला नव्हे, झाकणाच्या रबरी रिंगेला चिकटतो. म्हणून दुकानात रिंग हातानं काढून बघा. ती सहज निघत नसेल आणि सुटी मिळत नसेल, तर ते मॉडेल सोडून द्या.