जुना संगणक आणि त्याच्या पडद्याआडच्या नोंदी

हैदराबाद शहराचा संगणकाशी संबंध जुना आहे. १९६७ साली येथे स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सार्वजनिक उपक्रमाने १९६९ साली ‘टीडीसी-१२’ हा संगणक तयार केला. याच शहरातील नारायणगुडा हा भाग शिक्षणसंस्थांसाठी परिचित आहे. न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ १९४० साली स्थापन झालेली केशव स्मारक शिक्षणसंस्था येथलीच. अशा वस्तीतील एखाद्या लहान शाळेत वा ग्रंथालयात पंधरा वर्षांपूर्वीचा संगणक अद्याप सेवेत असणे स्वाभाविक आहे. दाखल्यांच्या आणि वर्गणीदारांच्या साऱ्या नोंदी त्यातच असतात. एके सकाळी तो सुरू होत नाही आणि माहिती पुसून नव्याने मांडणी करण्याची घाई केली जाते. वास्तविक पुष्कळदा दोष यंत्रात नसून एका बदललेल्या नोंदीत असतो.

बायोस म्हणजे काय?

संगणकाची कळ दाबताच, विंडोज जागे होण्यापूर्वी, मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठविलेला ‘बायोस’ हा प्रोग्रॅम कामास लागतो. स्मृती, कीबोर्ड व डिस्क यांची तपासणी करून कोणत्या डिस्कवरून काम सुरू करावयाचे हे तो ठरवितो. १९८१ सालच्या आयबीएम पीसीमध्ये यासंबंधीची निवड मदरबोर्डवरील बारीक स्विचांनी करावी लागे. १९८४ सालच्या ‘एटी’ या यंत्रापासून ती बॅटरीवर टिकणाऱ्या ‘सीमॉस’ स्मृतीत नोंदविली जाऊ लागली. त्या पहिल्या चिपची क्षमता अवघी ६४ बाइट होती. घड्याळही तीतच चाले.

दोषाची दोन सामान्य कारणे

पहिले कारण बॅटरी. बहुतेक जुन्या संगणकांत सीआर २०३२ या क्रमांकाची, ३ व्होल्टची, रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी बॅटरी असते. ती क्षीण झाली की तारीख अनेक वर्षे मागे जाते आणि पडद्यावर ‘सीमॉस चेकसम’ चुकल्याची सूचना उमटते. संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे तारखेवरून पडताळली जात असल्याने तीही उघडेनाशी होतात. अशा वेळी वीजजोडणी काढून त्याच क्रमांकाची नवी बॅटरी बसवावी आणि तारीख व वेळ पुन्हा नोंदवावी.

दुसरे कारण यातूनच उद्भवते. नोंदी पुसल्या गेल्या की बायोस कारखान्यातील मूळ निवडीकडे परततो. डिस्क ‘आयडीई’ पद्धतीने चालवावयाची की ‘एएचसीआय’, ही निवडही त्यात बदलू शकते. एका पद्धतीत बसविलेले जुने विंडोज दुसऱ्या पद्धतीत बहुधा सुरूच होत नाही. निळा पडदा दिसतो आणि डिस्क निकामी झाली असा समज होतो. पूर्वीची निवड परत केली की संगणक पूर्ववत चालतो. एकही नोंद नष्ट झालेली नसते. घाईने डिस्क पुसली असती, तर मात्र ती कायमची गेली असती.

दडलेल्या निवडी

बायोसमध्ये शिरण्यासाठी संगणक सुरू होताच डिलीट, एफ२, एफ१० किंवा एफ१ यांपैकी, उत्पादकानुसार, एक कळ दाबावी लागते. तेथेही सर्व निवडी दिसतीलच असे नाही. गिगाबाइटच्या काही जुन्या मदरबोर्डांत मुख्य यादीवर कंट्रोल व एफ१ या कळा एकत्र दाबल्यावरच अधिक निवडी उघडतात. स्मृतीचा वेग, प्रोसेसरचा व्होल्टेज अशा नाजूक बाबी अनभिज्ञाच्या हाती लागू नयेत, हा यामागील हेतू होय. म्हणून कारण ठाऊक असल्याखेरीज त्यांना हात लावू नये. चुकून बदल होऊन पडदा काळाच राहिला, तर वीजजोडणी काढून बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवावी, अथवा पुस्तिकेत दर्शविलेला ‘क्लिअर सीमॉस’ जंपर वापरावा. बायोसची नवी आवृत्ती भरताना मध्येच वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. ते काम यूपीएसविना करू नये.

एक साधी सवय

संगणक सुस्थितीत असतानाच बायोसच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून कार्यालयीन नोंदवहीत लावावे आणि महत्त्वाच्या माहितीची प्रत अन्यत्र ठेवावी. यास अर्धा तास पुरतो. उद्या कर्मचारी बदलला तरी ती वही राहील, आणि एका नाण्याएवढ्या बॅटरीपायी कोणा विद्यार्थ्याचा दाखला अडणार नाही.