एक स्पेस चुकली आणि पासवर्ड सगळ्यांसमोर! आयआरसीवर कमांड नेमकी कशी टाइप करायची?

चॅटरूममध्ये शंभरएक माणसं आहेत. नवा सदस्य येतो, लॉगिनची कमांड टाइप करतो, एंटर दाबतो. लॉगिन होतच नाही, उलट पासवर्डसकट अख्खी ओळ सगळ्यांच्या स्क्रीनवर झळकते. चूक काय, तर ओळीच्या सुरुवातीला पडलेली एक स्पेस.

आयआरसी म्हणजेच इंटरनेट रिले चॅटवर हा प्रकार जुनाच आहे. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी 1988 मध्ये आयआरसी तयार केलं. व्हॉट्सॲपच्या जमान्यातही ते टिकून आहे. ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर काम करणारे अनेक गट आजही लिबेरा चॅटसारख्या नेटवर्कवर भेटतात.

स्लॅशचं काम काय?

आयआरसीवर गप्पा आणि कमांड एकाच चौकटीत टाइप होतात. मग कुठली ओळ गप्पांची आणि कुठली कमांडची, हे कसं ठरतं? ते ठरतं पहिल्या अक्षरावरून. ओळ स्लॅशने सुरू झाली तर ती कमांड, नाहीतर साधा मेसेज.

हे ओळखण्याचं काम सर्व्हर करत नाही. ते तुमच्या कॉम्प्युटरवरचं चॅटचं सॉफ्टवेअर, म्हणजे क्लायंट, करतं. स्लॅशच्या आधी स्पेस आली की बहुतेक क्लायंट ती ओळ मेसेज समजतात आणि थेट चॅनलवर पाठवतात.

रोजच्या कमांड

इथे कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना मात्र इंग्रजी अक्षरंच वापरायची.

- /जॉइन #चॅनल: चॅनलमध्ये जाण्यासाठी. नावाआधीचं हॅश चिन्ह विसरू नका.
- /निक नवंनाव: टोपणनाव बदलण्यासाठी. नावात स्पेस चालत नाही.
- /एमएसजी नाव मजकूर: एकाच व्यक्तीला खासगी मेसेज पाठवण्यासाठी.
- /पार्ट: चॅनल सोडण्यासाठी.
- /क्विट: सर्व्हरवरून बाहेर पडण्यासाठी.

कमांड कॅपिटलमध्ये लिहिली की स्मॉलमध्ये, याने फरक पडत नाही. पासवर्डमध्ये मात्र पडतो.

मराठी कीबोर्ड सुरू राहिला तर?

इनस्क्रिप्ट कीबोर्डवर स्लॅशच्या बटणावर ‘य’ असतो. भाषा बदलायची राहिली तर ओळ स्लॅशऐवजी ‘य’ने सुरू होते आणि मेसेज म्हणून चॅनलवर जाते. पासवर्डही देवनागरीतच उमटतो, पण कुठलं अक्षर कुठल्या बटणावर आहे हे माहीत असलेला माणूस त्यावरून मूळ पासवर्ड शोधू शकतो.

पासवर्ड कसा सांभाळायचा?

अनेक नेटवर्कवर ‘निकसर्व्ह’ नावाची सेवा तुमचं टोपणनाव राखून ठेवते. ‘/एमएसजी निकसर्व्ह आयडेंटिफाय पासवर्ड’ ही तिची लॉगिन कमांड. ती देताना तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, ही कमांड चॅनलमध्ये टाइप करू नका, सर्व्हरच्या विंडोत करा. तिथे चूक झाली तरी ओळ चॅनलवर जात नाही.

दुसरी, ‘निकसर्व्ह’चं स्पेलिंग नीट तपासा. चुकीच्या स्पेलिंगचं टोपणनाव कोणी घेतलं असेल, तर पासवर्ड थेट त्या माणसाकडे जाईल.

तिसरी आणि सगळ्यात सोपी, क्लायंटच्या सेटिंगमध्ये ‘एसएएसएल’ लॉगिन सुरू करा. मग कनेक्ट होतानाच आपोआप लॉगिन होतं, दरवेळी पासवर्ड टाइप करावा लागत नाही.

चूक झालीच तर?

आयआरसीवर पाठवलेली ओळ सहसा परत घेता येत नाही. शिवाय चॅनलमधल्या अनेकांचे क्लायंट सगळं संभाषण साठवून ठेवतात. त्यामुळे माफी मागत बसू नका, लगेच पासवर्ड बदला. तोच पासवर्ड ईमेलला किंवा इतर कुठे वापरला असेल, तर तिथलाही.

आणि पुढच्या वेळी एंटर दाबण्याआधी ओळीचं पहिलं अक्षर बघा. तिथे स्लॅशच हवा.