वेळापत्रक, संगणक आणि शेवटची गाडी

महाविद्यालयाचे वेळापत्रक म्हणजे भिंतीवरचा एक तक्ता, असे पुष्कळांना वाटते. परंतु कोणाला शिकता येईल, हे त्यावरही ठरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले व वर्ग सकाळी भरविले. नोकरी करणाऱ्या तरुणांना पदवी घेता यावी, हा त्यामागील हेतू होता.

आज वेळापत्रक संगणकही करतो. एक प्राध्यापक एकाच वेळी दोन वर्गांवर नसावा, एका खोलीत दोन वर्ग नसावेत, एका विद्यार्थ्याचे दोन विषय एकाच तासाला नसावेत, या सक्तीच्या अटी. मधला रिकामा तास टाळणे, ही सोयीची अट. आठवड्याच्या 36 तासिकांत केवळ 10 व्याख्याने बसवायची, तरी अटी लावण्यापूर्वी 3 वर 15 शून्ये यांहून अधिक मांडण्या होतात. त्या सर्व तपासणे व्यवहार्य नाही. म्हणून संगणक एक मांडणी घेतो, मोडलेल्या प्रत्येक अटीला दंडाचे गुण देतो आणि तासांची अदलाबदल करीत दंड कमी करीत जातो.

मात्र न सांगितलेली अट त्याला कळत नाही. एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. आजही आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात वाड्यावस्त्यांवरील अनेक मुलामुलींचे शिक्षण एस.टी.च्या वेळेवर अवलंबून आहे. शेवटचा तास केला तर गाडी चुकते. गाडी धरली तर तास बुडतो. तेव्हा गाडीची वेळ ही सक्तीच्या अटींत धरली पाहिजे. विद्यार्थ्यांनी ती सत्राच्या आरंभीच प्राचार्यांकडे लेखी द्यावी व कार्यकर्त्यांनी त्यांना साहाय्य करावे.